ऐकून घ्यायचे दोन रुपये

राघो पाथरवट कामाचा अंदाज सांगायला आला, की आधी घराला नावं ठेवी. उंबऱ्याच्या दगडावर नखाने टकटक करायचा, भिंतीचा चुना चिमटीत चुरडायचा आणि मालक समोर उभा असताना विचारायचा, "कोनी बांधलान हा? मेला का जित्ता हाय?" पोलादपूरहून महाडपर्यंत चालत आलेला, उन्हाने रापलेला, कपची उडून एक डोळा कायमचा लाल झालेला हा माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला नाही. पुढेही कधी आवडला असं म्हणवत नाही. त्याला तर मी मुळीच आवडत नव्हते, आणि त्याने ते लपवलंही नाही.

आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. यजमान महाडच्या कोर्टात वकिली करत. एका श्रावणात विहिरीपाशी शेवाळावरून घसरून माझा उजवा गुडघा मोडला. हाडवैद्याने तो बसवला, पण पुन्हा वाकला म्हणून नाही. तेव्हापासून मी चुलीपुढे पाय लांब सोडून, कमरेतून वळून स्वयंपाक करत असे. एकदा लुगड्याचा काठ पेटला. सासूबाईंनीच पाणी ओतून विझवला आणि म्हणाल्या, "जरा जपून बसावं." मला बसणंच जमत नव्हतं. मुंबईला माझ्या बहिणीच्या बिऱ्हाडात दगडी ओट्यावर उभ्याने स्वयंपाक होई. तसा ओटा मला हवा, असं मी दोन वर्षं सांगत होते. अखेर यजमान म्हणाले, "आधी एस्टिमेट तर घेऊ."

राघोला मागच्या अंगणातच थांबवलं. त्या दिवसांत गावात कोणी कुठे जावं, कशाला हात लावावा, यावरून माणसं फार कडवी झाली होती. सासूबाईंचं सोवळं तर आधीपासूनच कडक. प्रत्यक्ष कामाच्या वेळी कोणीतरी आत येणारच होतं, तेव्हा घर शुद्ध करून घेता येईल. पण नुसत्या अंदाजासाठी दोनदा शुद्धी कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून यजमानांनी लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून ठेवली होती. उंची त्यांनी स्वतःच्या उभ्याने लिहायच्या मेजावरून घेतली होती. कागद त्यांनी वाचून दाखवला.

"दगूड कागदावर बसवायचा हाय का?" राघो म्हणाला. "मी जागा बघनार."

"आत जायचं नाही. मापं दिली आहेत, आकडा सांग."

राघोने बोटं मोडली. "दगूड फोडायचे पाच. गाडीचे दोन. घडाई नऊ. चुना-रेती दोन, बसवायचे दोन. आनि दोन ऐकून घ्यायचे."

"काय ऐकून घ्यायचे?"

"ह्या घरात जे काय ऐकावा लागंल, त्याचे. बावीस. एकदा सांगितले. परत इचारलात तर वाढलेले असतील."

यजमान कदाचित हसलेही असते. पण राघोची नजर त्यांच्या खांद्यावरून दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली. "रांधनार कोन? ही बाय ना? तिला हितं उभी करा. कोपरापासून माप घेतो. कागदावरची उंची ह्या बायची नाय."

परक्या पुरुषाने वकिलाच्या बायकोला अंगणात उभं करून मापायचं! सासूबाई आतूनच ओरडल्या, यजमान एक पायरी खाली उतरले. पण सगळ्यांत वाईट बोलले ती मी. "लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "दगड फोडून फोडून दगडच झालाय मेला. हाकला त्याला."

राघोने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या ताठ पायाकडे पाहिलं. हत्यारांची झोळी खांद्याला लावली आणि म्हणाला, "बरा. रांधा बसून."

आठ दिवस मी त्या तीन शब्दांवर धुमसत होते.

महाडच्याच एका गवंड्याने कागदावरून चौदा रुपये सांगितले. दासगावच्या बंदरात उतरलेली शहाबादी फरशी आणून त्याने पंधरवड्यात ओटा उभा केला. उंची कागदाप्रमाणे, म्हणजे यजमानांच्या मेजाएवढी. यजमान सहा फुटी. मी त्यांच्या खांद्यालाही पुरत नसे. ओट्याची कड माझ्या छातीला लागे. चुलीवरच्या भांड्यात काय शिजतंय ते दिसत नसे, धग सरळ तोंडावर येई. मी खाली पाट घेतला आणि एका पायावर भार देत त्यावर उभी राहू लागले. महिन्याभरात, भाताची पेज काढताना पाट हलला. पातेलं कलंडलं आणि डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला गेला.

हातावरचं फडकं सुटायच्या आत मी यजमानांना सांगितलं, "राघोला बोलवा. मी उभी राहते." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोलादपूरच्या गाडीवाल्याजवळ निरोप दिला.

या खेपेला राघोने घराला नावं ठेवली नाहीत. तो सरळ मागच्या दाराशी आला, माझ्या हातावरच्या फडक्याकडे त्याने पाहिलं. मला वाटलं, निदान हळहळेल. तो म्हणाला, "आता आधीचा ओटा तोडायचे तीन जास्ती. आनि ऐकून घ्यायचे पाच."

यजमानांनी मान डोलावली. रिकाम्या केलेल्या स्वयंपाकघरात राघो आला, मी भिंतीशी उभी राहिले. त्याने मला बोटही लावलं नाही. सुतळीचं एक टोक जमिनीवर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखाली धरलं, दुसरं माझ्या कोपराच्या खाली वीतभर अंतरावर आणलं. मी लाजेने आणि रागाने अंग आवळून उभी होते.

"अशाच उभ्या ऱ्हाता का?"

"नाही."

"मंग कशाला ताठ होता? माप खोटा येतो. रोज जशा पाय टाकता, तशा ऱ्हावा."

मी दुखरा पाय बाहेर टाकला, कंबर एका अंगाला गेली. त्याने सुतळीला गाठ मारली. मी कशी उभी राहते, हे दोन वर्षांत घरात कोणी पाहिलं नव्हतं. त्याचे उपकार वाटायला हवे होते. मला मात्र उघडं पडल्यासारखं वाटलं.

काळ्या दगडाचा तो ओटा त्याने अकरा दिवसांत घडवला. आमच्या घरचं पाणी प्यायला नाही. स्वतःचा तुंबा आणी. काही विचारलं तर "काम करू का बोलू?" एवढंच उत्तर. खालच्या दगडाची कड त्याने न सांगता गोल करून दिली. का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुडघा आपटंल."

शेवटच्या दिवशी तो अंगणात हत्यारं बांधत होता. सासूबाई गोमूत्राची वाटी घेऊन आल्या. त्यांनी स्वयंपाकघरात शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं आणि त्याच्या पावलांच्या मागावरून शिंपडत थेट त्याच्यापर्यंत आल्या. थेंब त्याच्या पायांवर उडाले.

राघो उठून उभा राहिला. "बाय, दगडावर नीट शिंपडा. माजा हात सगळ्यांत जास्ती त्यालाच लागलाय."

"आधी बाहेर हो," सासूबाई म्हणाल्या.

मी दारातच होते. एक वाक्य बोलायचं होतं. यजमान कोर्टात होते, मला अडवणारं कोणी नव्हतं. मी चौकटीवर हात ठेवून गप्प उभी राहिले. राघोने माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिल्यासारखं, आणि निघून गेला.

त्या ओट्यावर मी बारा माणसांचा स्वयंपाक करू लागले. कंबर दुखायची थांबली. दोन वर्षांनी महाबळेश्वरहून परतताना आंबेनळीचा घाट उतरून आमची मोटार पोलादपुराशी पाणी घ्यायला थांबली. रस्त्याकडेला राघो मैलाचा दगड घडवत बसला होता. मी लंगडत त्याच्यापाशी गेले.

"राघो, ओटा उत्तम झालाय."

"ठावं हाय."

"त्या दिवशी सासूबाईंनी केलं ते वाईट केलं. मी बोलायला हवं होतं."

त्याचा हातोडा थांबला. लाल डोळ्याने त्याने वर पाहिलं. "मंग ता हितं कशाला सांगता? मला ठावं हाय. जिला ठावं नाय, तिला सांगा."

त्याने पुन्हा घाव घातला. कपच्या माझ्या लुगड्यावर उडाल्या. मी मागे सरले. तो थांबला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर राघो तापाने गेला, असं गाडीवाल्याकडून कळलं. सासूबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा त्या दिवसभर स्वयंपाकघरातच माझ्याजवळ बसत. आम्ही दोघी पुष्कळ बोलायचो. मी त्यांना ते सांगितलं नाही.