दसऱ्याला पुजलेला मीटर

टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून मी घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. कोर्सला मुली दोनच, त्यातली दुसरी लग्न करून मोकळी झाली. मला मात्र नोकरी हवी होती. घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याच्या मी इतकी मागे लागले की शेवटी कंटाळून तो म्हणाला, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. स्वतःचा मीटर आण. एक सेट देतो. जमला तर ठेवतो, नाही तर परत दारात दिसायचं नाही."

व्होल्ट मोजायचा मीटर माझ्याकडे होता. मस्कतच्या मामाने आणलेला, थेट आकडे दाखवणारा डिजिटल. आमच्याकडे तेव्हा सगळे सुईवालेच मीटर वापरायचे, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते.

घरात या नोकरीचं कुणाला कौतुक नव्हतं. बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपानंतर गिरणी उघडलीच नाही आणि ते एका गोदामावर राखणीला जायला लागले. "उघड्या टीव्हीत हात घालूचो, ह्या काय मुलीचा काम?" एवढं एकदाच म्हणाले आणि त्यानंतर त्या विषयावर तोंड मिटलं ते मिटलंच. बाबांचं ओरडणं परवडायचं, गप्प बसणं नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडायची. मधोमध बाबांची साच्यावरची कातर, बाजूला आईची विळी आणि माझी पुस्तकं. गिरणी बंद पडली तरी कातरीची जागा बदलली नव्हती. त्या वर्षी मी पुऱ्या तळून बाहेर आले तर कातर कडेला सरकलेली आणि मधोमध माझा मीटर, कुंकू लावलेला, झेंडूखाली अर्धा गाडलेला. आईचं काम असणार, म्हटलं. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकाने एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट सेट पुढ्यात ठेवला. चित्र येईना, आवाज येईना. मी झोकात मीटर काढला, वायरी खोचल्या. लाल वायर जरा अडली, ती दामटून बसवली. जिथे बारा व्होल्ट हवेत तिथे आधी सात आले, मग दोन, मग अकरा, मग शून्य.

"हे काय, मटक्याचे आकडे लागतायत काय?" मालक म्हणाला. त्याने स्वतःचा जुना सुईवाला मीटर लावला. सुई बारावर जाऊन निवांत बसली. "सेटचे व्होल्ट बरोबर आहेत, तुझा मीटरच गेलाय. परदेशी माल! सुईवाला घे ना, यार."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "सेट राहू दे बाजूला. आधी याचं बघते," मी म्हणाले. मीटरची बॅटरी बदलली, आकडे तसेच उड्या मारत राहिले. मग एक कोरा पेन्सिल सेल घेतला. त्याचे दीड व्होल्ट कुणीही डोळे मिटून सांगेल. मीटर म्हणाला, शून्य. लाल वायर बुडाशी हलवली, तर दीड. सोडली, पुन्हा शून्य. म्हणजे गडबड वायर खोचायच्या भोकात. ती उपसली तर टोक लालभडक. मीटर उलटा करून आपटला आणि काउंटरवर तांदळाचे दोन दाणे पडले, कुंकवाने माखलेले.

मालक बघतच राहिला. मग असा हसला की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काडीला कापूस गुंडाळून भोक पुसलं, वायर पुन्हा लावली. सेटवर बारा व्होल्ट, अगदी स्थिर. पुढे तपासत गेले तर एका वायरीचा सुटलेला टाका सापडला, तो सोल्डरने जोडला आणि पडद्यावर चित्र आलं.

"बाकीचे मीटर न तपासता आधी सेटची वाट लावतात," मालक हसू आवरत म्हणाला. "उद्यापासून ये. अक्षता घरी ठेवून ये."

घरी आले ती तणतणतच. नोकरीचं सांगायच्या आधी आईवर तोफ डागली, "मीटरच्या भोकात कुणी तांदूळ घालतं का गं?"

"माका कित्याक बोलतंस?" आई म्हणाली. "मिया फक्त फूल व्हायलंय. मीटर मधी ठेवल्यानी तो तुझ्या बाबांनी. अक्षता पण त्यांनीच घातल्यानी."

बाबा खिडकीशी बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोक दिसला. मीटराचा तोंड समजलंय नि अक्षता घातलंय." मग विचारलं, "नोकरी गेली काय गो?"

"मिळाली," मी म्हणाले.

पुढच्या दसऱ्याला मी मीटरच्या भोकांवर आधी चिकटपट्टी लावली आणि मगच तो बाबांच्या हातात दिला.