ब्लाझेना बिअर करायला शिकली

चेक देशातल्या झातेत्सजवळच्या आमच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात ब्लाझेना आणि मी एकवीस वर्षं बरोबर काम केलं. ती मुख्य स्वयंपाकीण, मी तिच्या हाताखाली. रोज दोनशे चाळीस पोरांचं जेवण. या एवढ्या वर्षांत तिच्या हातून एखादा पदार्थ बिघडल्याचं मला आठवत नाही. मीठ तळहातावर घ्यायची, न चाखता टाकायची आणि सूप बरोबर जमायचं. अशा बाईला बिअरने तीन वर्षं जे नाचवलं, ते मी जवळून पाहिलं. आधी मला गंमत वाटत होती. पुढे माझाही जीव त्यात अडकला.

सुरुवात झाली ती आग विझवणाऱ्या बंबवाल्यांच्या नाचात. दर फेब्रुवारीत हा नाच असतो आणि शेवटी सोडत निघते. ब्लाझेनाचा नवरा ओताकार स्वतः बंबावर जायचा, आणि त्याचा डोळा पहिल्या बक्षिसावर होता, म्हणजे अर्ध्या डुकरावर. नंबर लागला तो ब्लाझेनाचा, आणि तोही सातवा. मिळालं काय, तर तीस लिटरची पांढरी प्लास्टिकची बादली, तिला खाली तोटी, झाकणात आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडायची वाकडी नळी, रसातली साखर मोजायची एक काचेची तरंगती काडी आणि काकवीसारख्या घट्ट माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या सातूच्या अर्काचा, डबा. घरी बिअर करायचं सगळं सामान.

"यात कोबी छान आंबेल," ओताकार म्हणाला.

"बिअरच करून बघते."

"अगं, आपल्या दारापासून बिअरखाना चाळीस पावलांवर आहे. मी रोज मोजतो. येताना साठ होतात, पण जाताना चाळीसच."

ब्लाझेना स्वतः रविवारी एक ग्लास प्यायची, तोही अर्धा ओताकारला द्यायची. तेव्हा हे पिण्यासाठी नव्हतं. डब्यावर लिहिलं होतं तसं तिने माल्ट पाण्यात कालवलं, यीस्ट घातलं आणि बादली न्हाणीघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला.

"राद्का, ऐक जरा."

तिने फोन कशाला तरी लावला. टुक. टुक. टुक.

"काय आहे हे? नळ गळतोय का?"

"श्वास घेतंय," ती म्हणाली. "मी खुर्ची आणून बसलेय समोर."

जन्मभर तिने यीस्टचं पीठ मळलं होतं. पण पीठ फुगलं की दोन तासांत भट्टीत जातं. यीस्टला मरू न देता जगू दिलं तर ते काय करतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आठवडाभर ती कामावर येऊन मला त्या टुकटुकीचा वेग सांगायची.

ती पहिली बिअर गोडसर झाली. ओताकारने ग्लास संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "पाव चांगला झालाय." ती हसली. पण तिला कळलं होतं की डबा फोडून कालवणं म्हणजे पाकिटातलं सूप करण्यासारखंच आहे. खरं करायचं तर सातूपासून सुरुवात करायला हवी. मोड आणून वाळवलेल्या सातूचं एक पोतं तिने मागवलं आणि आमच्याकडे घरोघर असते त्या खसखस दळायच्या हातचक्कीत ते दळलं. बारीक, मैद्यासारखं. मेहनती बाई, तिला वाटलं जितकं बारीक तितकं चांगलं.

गरम पाण्यात ते घालून तासभर ठेवायचं असतं. तिने शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीनची बाटली नेली होती. पांढऱ्या बशीत रसाचा एक थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. काळाभोर झाला. म्हणजे अजून नुसती पेजच. चाळीस मिनिटांनी पुन्हा थेंब घेतला, तर आयोडीन जसंच्या तसं तपकिरी.

"पिठाची साखर झाली, राद्का," दुसऱ्या दिवशी ती मला बटाटे सोलता सोलता सांगत होती. "काही घातलं नाही मी. नुसतं ऊन पाणी. पस्तीस वर्षं सुपाला पीठ लावून दाटपणा आणतेय, पण हे मला कुणी सांगितलंच नाही."

पण तो रस खाली उतरेना. पीठ चिकट खळीसारखं बसलं आणि तोटीतून थेंब पडेना. ओताकार कामावरून आला तेव्हा ती उशीचा अभ्रा घेऊन पिळत होती.

"काय चाललंय?"

"गाळतेय."

"हे गाळणं नाही गं, हे धुणं आहे," असं म्हणत त्याने बाह्या सारल्या आणि अभ्र्याचं दुसरं टोक धरलं. रात्रीच्या जेवणाला दोघांनी पाव आणि लोणी खाल्लं. ती बिअर गढूळ आणि तुरट झाली आणि बरीचशी मोरीत गेली. नंतर तिला एका पुस्तकात सापडलं की सातूचा दाणा नुसता भरडायचा असतो, टरफल शाबूत ठेवायचं, कारण तेच टरफल तळाशी बसून गाळणीचं काम करतं. तिने मला हे इतक्या आनंदाने सांगितलं की मोरीत गेलेल्या वीस लिटरची आठवणही तिला नसावी.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत मात्र तिला वाटलं, आता जमलं. रस नितळ उतरला. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं घालून उकळला तेव्हा सगळ्या जिन्यात वास पसरला. फुलं तिच्या भावाच्या मळ्यातलीच. बादली तळघरात ठेवली, तिथे चांगला गारवा. तीन आठवड्यांनी बुडबुडे थांबले. तिने प्रत्येक बाटलीत चिमूट साखर घातली, फेस यावा म्हणून, झाकणं ठोकली आणि बाटल्या तळघरातल्या आपल्या कोठडीत मांडून ठेवल्या.

एप्रिलमध्ये एकदम ऊन पडलं आणि तळघरही उबदार झालं. एका रविवारी दुपारी जेवण चाललं होतं, डुकराचं भाजलेलं मांस, कोबी आणि क्नेडलिकी, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या जाड चकत्या. मीही होते. खालून फट्ट असा आवाज आला.

"श्मीदकाका कपाट हलवताहेत वाटतं," ओताकार म्हणाला.

पुन्हा फट्ट. मग लागोपाठ दोन. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे श्मीदकाका, पायात नुसते मोजे आणि मोजे ओले.

"ब्लाझेना," ते शांतपणे म्हणाले, "तुझी बिअर माझ्या काकड्यांना भेटायला आलीय."

तळघरात शेजारच्याच कोठडीत ठेवलेल्या त्यांच्या लोणच्याच्या चार बरण्या फुटल्या होत्या. ओताकारचा वेल्डिंगचा मुखवटा आणि हातमोजे घालून ब्लाझेना खाली गेली आणि राहिलेल्या एकेका बाटलीचं झाकण सैल केलं. प्रत्येक झाकणासरशी फेस छताला लागत होता. आम्ही जिन्यात उभे राहून मोजत होतो. वर आली तेव्हा केसांतून बिअर गळत होती. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे ते संपलं नव्हतं. थंडीत झोपलं होतं नुसतं."

"कोण झोपलं होतं?" काकांनी विचारलं.

"यीस्ट."

"मी पण झोपलो होतो," काका म्हणाले.

ऑगस्टमध्ये तिने त्यांना आठ बरण्या काकड्या घालून दिल्या. तेव्हापासून बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरायच्या नाहीत, हे तिने ठरवलं. काचेची काडी रसात सोडायची, आणि तीन दिवस आकडा हलला नाही तरच पुढे जायचं. न चाखता मीठ टाकणारी बाई वही घेऊन आकडे लिहू लागली.

आणि त्या शरदात बिअर जमली. ओताकार एक ग्लास प्यायला. मग स्वतःच उठून दुसरा भरला. सोमवारी कामावर तिने मला एवढंच सांगितलं, "दुसरा भरला त्याने." दिवसभर ती गुणगुणत होती.

त्या आनंदात तिने शब्द देऊन टाकला. मे महिन्यात ओताकारची साठी होती, बंबखान्यात. "बिअर माझी," ती म्हणाली. त्यासाठी तिने दुसरी नवी बादली घेतली. मार्चमध्ये एकाच दिवशी, एकाच हंड्यातला रस, एकाच पुडीतलं यीस्ट निम्मं निम्मं करून दोन्ही बादल्यांत घातलं. साठीच्या आठवडाभर आधी मला बोलावलं चाखायला. नव्या बादलीतली बिअर सुरेख होती. जुन्या बादलीतली तोंडात धरवेना, आंबट, जुन्या व्हिनेगरसारखी.

मला वाटलं ती रडेल. ती दोन्ही ग्लास खिडकीशी धरून बघत राहिली.

"एकच रस होता ना गं?" ती म्हणाली. "मग असं कसं?"

"अगं, शनिवारी साठ माणसं यायचीत."

"हो, ते आहेच. पण कसं?"

ओताकारला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो थट्टा करील असं मला वाटलं होतं, पण त्याने केली नाही. बिअरखान्यातून पिंप मागवलं आणि साठीच्या दिवशी सगळ्यांना आधी ब्लाझेनाची, नव्या बादलीतली, ओतली. "ही संपल्याशिवाय पिंप उघडणार नाही," म्हणाला. तासाभरात ती संपली. बंबवाल्यांचा नायक दोनदा ग्लास पुढे करत आला आणि दुसऱ्यांदा रिकामा परत गेला. ब्लाझेना हसत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मला दिसत होतं, ती मनात त्या जुन्या बादलीभोवतीच फिरत होती.

बादली तिने उकळत्या पाण्याने घासली होती. झाकण घासलं होतं. नळी, काडी, चमचा सगळं. तीन आठवडे ती हेच उगाळत होती. मग जूनमध्ये एका दुपारी आम्ही स्वयंपाकघर आवरत होतो. खिमा काढायचं यंत्र ती रोज स्वतः खोलायची, पातं, जाळी, मळसूत्र, सगळं वेगळं करून धुवायची. मळसूत्र हातात होतं, आणि ती थांबली.

"राद्का, तोटी खोलता येते का गं?"

"कुठली तोटी?"

तिने ॲप्रन काढला आणि निघाली. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. घरी तिने जुन्या बादलीची तोटी पिळून काढली, मग सुरीने तिचा आतला भाग बाहेर ओढला. आत दोन वर्षांचा तपकिरी बुळबुळीत थर होता. तिने नाकाजवळ नेला आणि माझ्यापुढे धरला. तोच वास, जुनं व्हिनेगर.

"मी आरोग्यखात्याची तपासणीवाली असते ना," ती म्हणाली, "तर माझं स्वयंपाकघर बंद केलं असतं."

कान लाल झाले होते तिचे. तरी ती तोटी उलटीसुलटी करून बराच वेळ बघत होती.

नोव्हेंबरमध्ये शेजारच्या गावी, व्यायामशाळेच्या दालनात घरी बिअर करणाऱ्यांचा मेळावा भरला. एकतीस जणांनी बाटल्या आणल्या होत्या. ब्लाझेनाचा नंबर एकोणिसावा आला. चिठ्ठीवर परीक्षकाने लिहिलं होतं, "स्वच्छ. जरा हलकी. आणखी एक प्यावीशी वाटते." ओताकारने ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि खिशात घातली. मग तिने मागितली तर देईना.

पहिला आलेला माणूस रेल्वेत सिग्नल दुरुस्त करणारा होता, उंच, लाजाळू, द्वोराक नावाचा. ब्लाझेना त्याच्याजवळ गेली. मला वाटलं अभिनंदन करील. तिने विचारलं, "तुमच्या किती ओतून दिल्यात आजवर?"

"अकरा," तो म्हणाला.

"वास कसला यायचा?"

तो आधी चमकला, मग खुलला. एकीला लोण्याचा, एकीला शिजलेल्या मक्याचा, एकीला ओल्या कुत्र्याचा. प्रत्येक वासामागचं कारण तो सांगत होता आणि ती वहीत लिहीत होती. लोण्याचा वास आला तर शेवटचे दोन दिवस बादली जरा उबेत ठेवायची, यीस्ट स्वतःच तो वास खाऊन टाकतं, हे ऐकून तिने त्याचा दंडच धरला. लोक निघून गेले, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या, तरी दोघं बोलतच होती. शेवटी त्याने तिला एका छोट्या बरणीत आपल्याकडचं यीस्ट दिलं.

परतताना गाडीत ती बरणी तिने मांडीवर दोन्ही हातांत धरली होती. बाहेर धुकं गोठत होतं. ओताकारने हीटर लावला.

"बंद कर," ती म्हणाली.

"अगं, राद्का मागे कुडकुडतेय."

"उबेत जागं होईल हे. घरी पोचेपर्यंत थंड राहायला हवं."

ओताकारने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने हीटर बंद केला, हातमोजे चढवले, आणि आम्ही तसेच, तोंडातून वाफा सोडत, घराकडे निघालो.