आधी मिळवणी, मग चहा

दस्तगीर मिस्त्री चहाला नाही म्हणायचे. काम संपेपर्यंत, बरं का. सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी शिपाई होतो. तिथलं यंत्र आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं तुटलं, की आष्ट्याहून स्कूटरवर हा माणूस यायचा. सगळे पडद्याकडं बोट दाखवायचे. मिस्त्री तिकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. यंत्रातून निघणारी कागदाची चिठ्ठी मागायचे. "ह्यो बोलतोय, त्यो ऐकतोय. मधी काय मेलंय तेवढं बघायचं," म्हणायचे. दुरुस्ती झाली, की त्या दिवसाच्या सगळ्या चिठ्ठ्या पडद्याशी ताडून बघायचे. कुणी सांगितलेलं नसताना. "आधी मिळवणी, मग चहा." लॅबमधले हसायचे. मीही हसलोय.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. नारळ दरवर्षी मिस्त्रींचा. वर बजावायचे, "मारुती, कुंकू लाव, फूल वाहा, पर मागल्या वायरीस्नी हात लावू नगंस गड्या." मी लय शहाणा. त्या वर्षी मागची धूळ पुसायची म्हणून लॅबमधल्या दोन्ही यंत्रांच्या वायरी उपटल्या आणि कुंकवाच्या हातानं परत खुपसल्या. ह्याची त्याच्या जागी, त्याची ह्याच्या.

दसरा झाला, लॅब उघडली, तर पडद्यावर आकडाच येईना. मग बसले सगळे चिठ्ठ्यांवरचे आकडे हातानं टाइप करत, गप्पा हाणत. त्यात माझ्या बायकोचं, सुंदराचंही रक्त होतं. तिची मूत्रपिंडं अधू. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती घरी गेली.

मिस्त्री आले. वायरी काढल्या, तर पिनांवर कुंकू. माझ्याकडं एकदा बघितलं, खिशातल्या रुमालानं पुसलं, वायरी जागच्या जागी बसवल्या. मग चिठ्ठ्या घेऊन बसले.

लॅबचे साहेब करवादले, "झालं ना सुरू? निघा आता."

"आधी मिळवणी," म्हणाले आणि एका चिठ्ठीवर थांबले. "मारुती, ही सुंदरा तुजीच न्हवं? पोटॅशियम चिठ्ठीत साडेसहा, पडद्यावर साडेतीन. अरं पळ! काळीज बंद पडतंय ह्यानं!"

घरी धावलो, तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. "वायरी मुळात तुम्हीच बसवलेल्या, म्हणून हा घोळ. उद्यापासून येऊ नका." चुकीचा आकडा टाइप करणाऱ्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मिस्त्रींनी कुंकवाचं नाव न काढता स्कूटरची किल्ली उचलली. मी शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन उभा, तोंडात गुळणी धरून. नोकरी जाईल म्हणून. ज्यानं माझी बायको वाचवली त्याचं काम गेलं, आणि मी काय केलं? ग्लास विसळून ठेवला. थू माझ्या जिनगानीवर!

सुंदरा आणखी चार दसरे बघून गेली. दर दसऱ्याला म्हणायची, "आवं, आष्ट्याला जाऊन सांगून या की त्यास्नी." मी कधी गुडघ्याचं निमित्त पुढं करायचो, कधी एसटीचं.

यंदा म्हणणारी राहिली नाही. खंडेनवमीला नारळ घेऊन एकटाच गेलो. मिस्त्री उन्हाळ्यातच गेले होते. त्यांच्या बायकोनं चहा पुढं केला.

"थांबा भाभी. आधी मिळवणी," म्हणालो आणि सगळं ओकून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. नारळ कोनाड्यात ठेवला.

"कुंकवाचा रुमाल मीच धुतला की," म्हणाल्या. "घ्या आता चहा."

चहावर साय धरली होती.