आईचं जावळ

कोविडच्या त्या दोन वर्षांत आई मला नावाने हाक मारत नव्हती. कोंबडीवाली म्हणायची.

परदेशात, वेस्टमीडच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमध्ये मी अंड्यांतले कोंबडीचे गर्भ बघायचे. खवले, पिसं आणि केस त्वचेत कसे तयार होतात, हा माझा पीएचडीचा विषय. उरलेल्या वेळात व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पत्रकं लिहायचे. सीमा बंद झाल्या तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं, जमत नसेल तर आपापल्या घरी जा. गेलात की परतीचं दार बंद. फी भरताना आम्ही पाहुणे आणि साथ आल्यावर उपरे! हे वाक्य पत्रकातलं आहे. आजही बदलणार नाही.

त्याच सुमाराला पुण्यात आईची केमो सुरू झाली आणि केस गेले. स्कोफिल्ड्स उपनगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत फोन वाजायचा. आई डोक्यावरचा रुमाल काढून टक्कल कॅमेऱ्यासमोर धरायची.

"काय गं कोंबडीवाले, तुझ्या पिल्लांना पिसं फुटतात ना? चार इकडे पाठव."

"आई, सुरुवातीला पीस आणि केस सारखेच दिसतात."

"मग चालतील की!"

तिला सगळं समजावून हवं असायचं. मी सांगितलं, आधी त्वचा अगदी सपाट असते. मग एका जागी वरचा थर जरासा जाड होतो, ठिपक्याएवढा. त्याच्याखाली आतल्या पेशी गोळा होतात. वरचा थर आणि खालचा थर एकमेकांना निरोप धाडत राहतात. ठिपका शेजारच्यांना दटावतो, इथे मी आहे, तुम्ही नाही. म्हणून ठिपके अंतर राखून उमटतात. सरड्याचा खवला, कोंबडीचं पीस, आपला केस, सगळ्यांची सुरुवात त्या ठिपक्यातून. पुढे वाटा फुटतात. खवला पसरतो, पीस बाहेर डोकं काढतं, केस आत खोल जातो.

"म्हणजे सरडा, कोंबडी आणि मी एका वर्गात," आई म्हणाली. "पुढे मीच नापास."

"नापास नाहीस. औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, म्हणून केस गळले. पण मुळाशी काही पेशी गप्प बसून असतात, त्या वाचतात. त्याच पुन्हा केस उभा करतात. येणार तुझे केस. लिहून देते."

आले. केमो संपल्यावर काही महिन्यांनी कापसासारखे मऊ, कुरळे केस आले. पूर्वी तिची सरळ, जाड वेणी होती.

"अगं, जावळ आलंय मला!" ती ओरडली. "बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझा मामा कधीच गेला, तर तुझी मांडी दे. तू ये, न्हाव्याला मी बोलावते."

आधी ती थट्टा होती. मग प्रत्येक फोनवर तेच, "मांडी कधी येतेय?"

मी म्हणायचे, उद्या निघते. असं म्हटलं की ती लगेच कडक व्हायची. "डिग्री अर्धवट टाकून आलीस तर दार उघडणार नाही." गेले तर परत येता येणार नाही, हे तिला माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. आईला भेटायचं की शिक्षण पूर्ण करायचं, असला प्रश्न कुठल्याही सरकारने कुठल्याही मुलीपुढे ठेवू नये. माझ्यापुढे ठेवला.

मग आजार यकृतात पसरल्याचं निघालं. त्या दिवशी तिनेच फोन केला. थट्टा नाही, कोंबडीवाली नाही. "बाळा, ये आता. डिग्री राहू दे."

मी अंडी लॅबमधल्या दुसऱ्या मुलीच्या हवाली केली आणि तिकीट काढलं. विमान रद्द झालं. पुढचं मिळालं ते दोन आठवड्यांनंतरचं. तेवढी ती थांबली नाही. बाबांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये बॅग आवरत होते. जिना उतरून हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आले आणि दोन गाड्यांच्या मध्ये खाली बसले.

तासाभराने पुन्हा फोन आला. बाबांनी मोबाइल आईकडे वळवून धरला होता. मावशीने तिला हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता. आता गजरा माळत होती. गजरा घसरून उशीवर पडला. मावशीने पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"अगं, कशात खोवू?" मावशी मला विचारत होती, जणू मी शेजारच्या खोलीत होते. "पिनसुद्धा धरत नाहीये. सवाष्ण बाई, अशी कशी पाठवू?"

"मावशी, गजरा राहू दे. ते जावळ आहे. बाळाची टाळू भरतात तशी भर."

मावशीने गजरा बाजूला ठेवला. मग स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. आईचं डोकं उचलून तिने आपल्या मांडीवर घेतलं आणि टाळूवर तेल घातलं. हलक्या हाताने जिरवत राहिली. ते कुरळे केस ओले होऊन कपाळाला चिकटले.

कार पार्कच्या जमिनीवर मी मांडी घालून बसले होते. मावशीचं होईपर्यंत मी ती मोडली नाही.