सरांचं जोडकडवं

बारामती-इंदापूर रस्त्यावर आमच्या मराठीच्या सरांनी जिच्यावर कविता केली नाही अशी एकही गोष्ट शिल्लक नव्हती. डेअरीपुढची रांग, उसाची ट्रॉली, मुख्याध्यापकांचा नवा चष्मा, कशालाच त्यांनी सोडलं नाही. एकदा तर रजेचा अर्जही त्यांनी चार कडव्यांत लिहिला. मुख्याध्यापकांनी शेरा मारला, "रजा मंजूर, तिसरं कडवं नामंजूर." सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. कविता शिकवायला लागले की सरांना घंटा ऐकू येत नसे आणि त्यात माझा भूमितीचा तास हमखास जाई. ज्वारीवरची कविता शिकवायला त्यांनी अख्खा वर्ग शेतात नेला, तेव्हा मालक धावतच आले. "काय सर, पोरं हुरड्याला आणलीत व्हय?"

"न्हाय हो तात्या, कविता शिकवतोय."

"मग बांधावरनं शिकवा की! कणसं मोडत्यात."

पण एका कवितेनं घात केला. दहावीच्या पुस्तकातली एक कविता सरांना शेवटी तोकडी वाटायची, म्हणून वर्गात ते तिला स्वतःचं एक कडवं जोडून शिकवायचे. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला शेजारच्या शाळेत गेले आणि 'कविता पूर्ण करा' या प्रश्नाला बेचाळीस पोरांनी ते कडवं काना-मात्रेसकट लिहिलेलं निघालं. बेचाळीस उत्तरांवर लाल रेघ! बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली. पोरांचे मार्क आपल्यापायी जाणार म्हणून सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मग रोज पहिल्या तासाला ते पुस्तकातली कविता म्हणून घ्यायचे, आणि कुणाच्या तोंडी जोडकडवं आलं की चिडून थेट गावाकडच्या बोलीवर यायचे, "आरं, बंडल हाय त्ये! इसरा!" शेजारच्या वर्गात मला हसू आवरत नसे आणि त्यांची कीवही येई.

मराठीचा पेपर सुटला तेव्हा सर केंद्राच्या फाटकाशी उभे. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारत होते, "शेवट काय लिहिला?" सगळ्यांनी पुस्तकातलाच लिहिला होता. सरांनी खुशीनं सगळ्यांना रस पाजला.

परतताना माझ्या स्कूटरवर मात्र ते मागून हळूच म्हणाले, "एकालाबी आठवलं न्हाय बघा."

पोरांच्या चुका ऐकून ऐकून ते कडवं मला पाठ झालं होतं. तेव्हा मोठ्यानं म्हणून दाखवायचं मला सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.