मी शेट्टम्माच्या वळणाची

माझा कोणावर विश्वास नाही. ही तक्रार नव्हे. कोणी गुडघे सांगतं, कोणी साखर सांगतं, तसं हे माझं दुखणं सांगते. दूधवाला हसला की मी दूध उकळून बघते. सून अचानक "आई, तुमची साडी छान आहे" म्हणाली की त्या दिवशी कोणीतरी पाहुणं येणार, हे मला कळतं.

त्यामुळे दसऱ्याच्या आधी नात फोन घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली, तेव्हाच मी पाय आखडून घेतले.

"अज्जी, एक परीक्षा आहे. सुम्ने उत्तरं द्यायची. खरी-खरी."

म्हैसूरच्या मराठी घरात 'उगाच'ला सुम्ने म्हणतात. पण या घरात सुम्ने काहीच होत नाही. मी म्हटलं, "विचार."

"अनोळखी लोकांशी तुम्ही स्वतःहून बोलता का?"

"कुठले अनोळखी?"

"कुठलेही, अज्जी."

"त्यांचं आपल्याकडे काय काम?"

"हो की नाही, एवढंच सांगायचं!"

असे पुष्कळ प्रश्न झाले. शेवटी फोनने माझा स्वभाव चार इंग्रजी अक्षरांत उरकला, आणि खाली 'तुमच्याच स्वभावाची गोष्टींतली माणसं' म्हणून तीन चित्रं दाखवली. पडद्याआडून राज्य चालवणारी एक राजमाता, नोकरीतून निवृत्त झालेला एक हेर आणि कार्टूनमधलं एक जाडं मांजर. नात हसून पलंगावर आडवी झाली.

"मांजर कशाला?" मी विचारलं.

"ते सगळ्यांवर नजर ठेवून असतं."

मनातून मला बरंच वाटलं, पण दाखवलं नाही. शिवाय माझ्या स्वभावाचं गोष्टीतलं माणूस कोण, हे मला फोनने सांगायची गरज नव्हती. ती आमच्या घरात माझ्या आधीपासून राहते. नवरात्रात आम्ही पायऱ्या करून बाहुल्या मांडतो. इथं त्यांना गोंबे म्हणतात. वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी, खाली देव, वाजंत्रीवाले, शिपाई, आणि सगळ्यांत खाली शेट्टी आणि शेट्टम्मा. मातीचं ढेरपोटं वाण्याचं जोडपं, पुढं खऱ्या तांदळाचे आणि डाळीचे इवले ढीग. शेट्टी गिऱ्हाइकाकडे बघून हसतो. शेट्टम्मा गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघते. ती माझी.

आमच्या घरात एक खोड आहे. बाहुल्या बघायला जो येईल त्यानं चुंडल खाण्याआधी आपल्यासारखी एक बाहुली निवडायची आणि तिची गोष्ट सांगायची. हे परतलेले हरभरे सगळीकडे मिळतात. गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याकडे मिळत नाहीत. नातीची बाहुली लहानपणापासून ठरलेली: शेट्टम्माच्या पोत्यावर झोपलेलं मांजराचं पिल्लू. दरवर्षी तेच. गोष्टही तीच: "ते झोपलंय. संपली."

"आता याची माणसं बघा," म्हणत नातीनं फोन पुन्हा माझ्यापुढं धरला. म्हणजे मुद्दा हा होता.

'हा' म्हणजे तिच्या ऑफिसातला एक मुलगा. पुण्याचा, नोकरीसाठी इथं आलेला, हुणसूर रोडला भाड्यानं राहणारा. दोघांच्या मनात लग्न होतं. पत्रिका कोणी विचारल्या नव्हत्या. या परीक्षेचे निकाल मात्र एकमेकांना पाठवून झाले होते. त्याच्या स्वभावाची माणसं निघाली एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, दीपगृह सांभाळणारा एकजण आणि राजाचा वैद्य.

"तिन्ही भले?"

"हो की!"

"एकही लबाड नाही? गोष्टीत अशी माणसं शेवटच्या पानावर खुनी निघतात."

"अज्जी!"

"आणि तुझी कोण निघाली?"

"नंतर सांगते," म्हणून तिनं फोन उलटा ठेवला. मी ते बघितलं. पण त्या दिवशी माझा सगळा संशय त्या मुलावर खर्च झाला होता, हिच्यासाठी काही शिल्लक नव्हता.

शंका यायला कारण होतं. परीक्षेत चांगलं निघणं किती सोपं असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

मी लग्नाची होते तेव्हा बेळगावची मावशी जुनी मासिकं पाठवायची. त्यांतल्या एका क्रमशः कादंबरीतल्या नायिकेनं मला वेड लावलं होतं. ती पहाटे चारला उठायची, न्हाणीतल्या हंड्याखाली जाळ घालायची, धुरानं डोळे भरले की लोकांना वाटायचं दुःखानं भरले. बोलायची कमी. कोणी काही विचारलं की मान खाली घालून "जशी आपली इच्छा." वा! मी आरशापुढं उभी राहून "जशी आपली इच्छा"चा सराव करायची. मधेच शिंक यायची, तरी नेटानं करायची. आता ती पोरगी दिसली तर मी तिच्या हातातलं मासिक काढून घेऊन तिला दोन घास खायला घालेन.

बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, "सकाळी किती वाजता उठतेस?"

"चारला," नायिका बोलली.

माझ्या आईला ठसका लागला. मला हलवून, ओढून, पांघरूण काढून उठवणारी ती. पण बाई इतक्या खूश झाल्या की जागच्या जागी होकार दिला. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर मिट्ट काळोख असताना, सासूबाईंनी दारावर टकटक केली. "सूनबाई, चार वाजले. तुझी उठायची वेळ झाली ना?"

नायिका मासिकात राहिली. हंड्यापुढं मी होते.

तेव्हा बघायला आलेल्या मुलाचं एक उत्तर खरं असतं, बाकीची कुठूनतरी उचललेली असतात, हा माझा अनुभवाचा हिशेब. त्यातून गेले काही रविवार नात दुपारी जेवता-जेवता डुलक्या घेत होती. सून म्हणाली, सकाळी मैत्रिणीबरोबर फिरायला जाते. पहाटे माझं कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असतं, त्यामुळे कोण कधी गेलं ते मला कळत नाही. पण मी मनात म्हटलं, हा वैद्य पोरीला रात्र-रात्र फोनवर जागवतो. आणखी एक खूण.

नवरात्रात तो बाहुल्या बघायला आला.

आला तो बूट काढून, दोन्ही शेजारी-शेजारी नीट ठेवून. इतके नीट की मला ते आवडले नाहीत. वाकून नमस्कार केला. "आजी, आपल्या पायऱ्या फार सुरेख मांडल्या आहेत." मराठी असं स्वच्छ की धुऊन वाळत घातल्यासारखं. आमचं मराठी कन्नडात बुडवून खाल्लेलं. माझी सून घाबरून त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. तो पाणी प्यायला आणि भांडं स्वतः उचलून स्वयंपाकघरात ठेवून आला. जावई होऊ बघणारा माणूस भांडं आत नेऊन ठेवतो, तेव्हा मी मागाहून जाऊन भांडं बघून येते. भांडं होतं.

"बाहुली निवडा," मी फर्मावलं. "गोष्ट सांगा. मग खायला."

त्यानं बराच वेळ घेतला. राजाराणीकडे गेला नाही, शिपायांकडे गेला नाही. वाजंत्रीवाल्यांतला शेवटचा उचलला. त्याची सनई माझ्या मुलानं लहानपणी मोडलीय.

"हा," तो म्हणाला. "वाजवायला काही नाही. तरी रांगेत उभा आहे."

"उत्तर पाठ करून आलात?"

"नाही आजी. मला गोष्टी सुचत नाहीत. दिसलं ते सांगितलं."

आता यावर काय संशय घ्यायचा, मी शोधत राहिले. तेवढ्यात नातीचा हात पुढं आला. मी सवयीनं मांजराकडे बघितलं. हात मांजरावरून गेला, शेट्टम्मावरून गेला, आणि कोपऱ्यात आम्ही मातीचा डोंगर करतो त्याच्या टोकावरच्या घोडेस्वाराला जाऊन लागला.

"ही मी," नात म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"अगदी!" मुलगा पहिल्यांदा मोकळं हसला. "चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना ही कायम माझ्या पुढे असते, आजी."

"कधी चढताना?"

"दर रविवारी. उजाडायच्या आत. हिचाच हट्ट असतो. परीक्षेतही हिच्या स्वभावाची माणसं तशीच निघाली ना, एकटी हिमशिखरं चढणारी ती, आणि वादळात होडी घालणारी. शहर नको म्हणते. म्हणून मी ऑफिसला विचारून ठेवलंय. लग्नानंतर कोडगूला, डोंगरात घर बघायचं, तिथूनच काम करायचं. मालकाशी पुढच्या आठवड्यात बोलणं आहे."

मी नातीकडे बघितलं. ही पोरगी, जिची सकाळची कॉफी आमच्या दुपारच्या भाजीला फोडणी पडताना होते. कोपऱ्यावरची बेकरी दोन दिवस बंद राहिली तर जिचा चेहरा उतरतो. घोडेस्वार अजून तिच्या हातात होता.

आयुष्यभर मी दाराकडे तोंड करून पहारा केला, आणि चोर माझ्याच पलंगावर बसून परीक्षा घेत होता. आणि चोरी तरी कसली? माझीच. तीच नायिका, तेच पहाटेचं उठणं, फक्त हंड्याच्या जागी डोंगर.

ओरडावंसं वाटलं नाही. गप्प बसावं असंही क्षणभर वाटलं. आपल्याला काय, जाऊ दे कोडगूला. पण तिथं काळोखात कोणीतरी प्रेमानं तिच्या दारावर टकटक करणार होतं, आणि ती नाही म्हणू शकणार नव्हती. मी वाकले, पोत्यावरचं मांजर उचललं आणि तिच्या दुसऱ्या हातावर ठेवलं.

"हे तुझं राहिलं बघ."

"अज्जी, प्लीज!"

"मांजर?" मुलानं विचारलं.

नात कन्नडात काहीतरी पुटपुटली. मग मराठीत आली. "मला पहाट आवडत नाही. डोंगर आवडतो, पण खालून."

"मग त्या परीक्षेत?"

"तुला आवडेल तसं उत्तर दिलं. प्रत्येक प्रश्नाला."

"पायऱ्यांवर तू पुढे असायचीस."

"लवकर संपावं म्हणून."

हातातला वाजंत्रीवाला त्यानं रांगेत जागेवर ठेवला, त्याचं तोंड सरळ केलं. "मला जरा वेळ दे," म्हणाला. बुटांच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. चुंडल तसंच राहिलं.

नात रडली आणि मग माझ्याशी बोलायची बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र येऊन पलंगाच्या टोकाला बसली.

"तुमचं चार वाजता उठणं मग कसं संपलं?" तिनं विचारलं. माझी ती नायिका तिला हसवण्यासाठी मी कैकदा सांगितली होती. शेवट कधी सांगितला नव्हता, कारण त्यात मी हास्यास्पद दिसते.

"एका पहाटे हंड्यापुढं बसल्या-बसल्या मला झोप लागली. पदर जाळाजवळ गेला. तुझ्या अज्जांनी बघितलं, तांब्याभर पाणी माझ्यावर ओतलं. मी दचकून उठले आणि म्हटलं, 'जशी आपली इच्छा.'"

नातीला हसू आवरेना. "मग?"

"ते म्हणाले, 'जा, झोप. उद्यापासून मी पेटवतो.' गीझर येईपर्यंत त्यांनीच पेटवला. तुझ्या पणजीला वाटायचं, मुलावर कोणीतरी करणी केली."

"त्यांना राग नाही आला? तुम्ही खोटं सांगितलं म्हणून?"

"आला असेल. मी खूप दिवस वाट बघितली, कुठून बाहेर पडतो म्हणून. अजून बघते," मी म्हटलं, आणि भिंतीवरच्या फोटोकडे नजर टाकली. फोटोतही ते हसतात. मला काही तो चेहरा पूर्ण पटलेला नाही.

"हा नाही तसं करणार," नात म्हणाली. "हा परत येणार नाही."

जे माहीत नाही त्याचं आश्वासन मी देत नाही.

रविवारी मी यंत्र कानात घालूनच झोपले होते. उजाडायच्या आत जागी झाले आणि ऐकत पडून राहिले. नातीचा फोन वाजला नाही. देवळाची घंटा झाली, पेपर पडला, दूध आलं. नात पालथी पडून झोपली होती, किंवा झोपल्यासारखं करत होती. मी जवळ जाऊन बघितलं. उशी ओली होती, पण झोप खरी होती.

ऊन सरकत बाहुल्यांच्या खालच्या पायरीवर आलं, शेट्टम्माच्या नाकाला लागलं, तेव्हा दारावरची घंटा वाजली. सून आंघोळीला गेली होती. मीच उठले.

तो होता. हातात कोपऱ्यावरच्या बेकरीचा पुडा, तेल सुटलेला.

"आजी, मांजर उठलं का?"

"नाही."

"मग थांबतो," म्हणाला, आणि बूट काढायला वाकला.

मी बुटांकडे बघितलं. एवढ्या उशिरा, आरामात येणाऱ्या माणसाच्या बुटांना ताजी तांबडी माती. चामुंडीची. म्हणजे पहाटे गेला होता. एकटाच चढून, उतरून, मग वाट बघून आला होता. आणि हे मला सांगणार नव्हता. बूट दाराच्या मागे, मला दिसू नयेत अशा बेतानं सारत होता.

मी बघितलं नाही असं दाखवलं. तो बाहुल्यांपुढं जमिनीवर बसला, पोत्यावर परत जाऊन झोपलेल्या पिल्लाकडे बघत. पुडा त्यानं शेट्टम्मापुढं ठेवला होता. मी आत जाऊन दोघांपुरती कॉफी ठेवली. तिसरी भाजीच्या वेळी लागणार होती.