रेड ऑक्साइड खरवडणारा

"औषध नाही मॅडम, औषधाचा निशाणा शोधतो," असं म्हणत तो खिशातून स्कूटरची किल्ली काढायचा आणि जवळ जे रंगवलेलं लोखंड असेल ते खरवडायला लागायचा. फाटक, बाक, सलाइनचा स्टँड, काहीही. भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या दवाखान्यात खिडकीच्या एका गजावर बोटभर जागा त्याने अशीच उघडी केली होती. मी ओरडले, तर म्हणाला, "आता इथून गंजेल, मंग समजेल तुमाले."

मी तिथे टीबीच्या गोळ्या देते. त्याची धाकटी बहीण माझी पेशंट होती. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी, रोज मूठभर गोळ्या आणि वर उलट्या. तो स्वतः रायपूरच्या एका प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूमधल्या एका प्रोटीनवर संशोधन करत होता. वस्तीने त्याचा एकच अर्थ घेतला: पोरगा टीबीचं औषध बनवतो.

चारचौघांत चूक दुरुस्त केल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तो त्यातला. आपलं शरीर जंतूला जणू गंज चढवून मारायला बघतं, तो सांगायचा. पण हे प्रोटीन गंज चढू देत नाही. म्हणजे जंतूचा रेड ऑक्साइड, गंज लागू नये म्हणून लोखंडाला देतात तो लाल रंग. तो खरवडणारं औषध सापडलं, तर जंतू मरेल. पोलाद कारखान्याच्या भिलाईत रेड ऑक्साइड म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागत नाही.

रांगेतले एक रिटायर काका म्हणाले, "म्हणजे तू पेंट खरवडणारा. त्याच्यासाठी इतकं शिकला का बे?"

"नाही काका. पेंट कुठं लावला आहे, तेवढंच मी पाहून राहिलो. खरवडणारा अजून जन्माले यायचा आहे."

काका हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

एकदा मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक रंगीत चित्र फ्रेम करून लावलेलं, गुंडाळून टाकलेल्या फितींसारखं. ते त्याचं प्रोटीन. आईने दोन्हींपुढे मेणबत्ती लावली होती.

"अवं माय, ते जंतूचं आहे! त्याले तं मारायचं आहे."

"राहू दे बाबू. तुह्या हातचं आहे ना."

खाटेवरून बहिणीने विचारलं, "दादा, तुही गोळी कवा येईल?"

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. अख्ख्या खुर्सीपारला दुरुस्त करणारा माणूस, पण किल्ली खिशातच राहिली. "येईल," तो म्हणाला. "तू जेव पहिले."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तिला खरं सांगा. अशी गोळी यायला वर्षं लागतील, आणि येईलच असंही नाही."

"सांगतो मॅडम. पण आज तिनं दोन घास खाल्ले."

उन्हाळा सरता सरता त्याचा फोन आला. "येऊन जा," एवढंच. तो अंगणात कूलर धुवायला बसला होता. टाकीच्या तळाशी लाल-पिवळा लगदा, त्यात काही गोळ्या अजून अर्ध्या शाबूत. माझ्याकडे रिकामी पाकिटं नेमाने परत येत होती. गोळ्या तिच्या खाटेजवळच्या खिडकीतून कूलरच्या टाकीत जात होत्या.

"कावून?" त्याने त्याच खिडकीतून तिला विचारलं.

"तुही गोळी येऊनच राहिली होती ना," ती म्हणाली. "मंग या उलटीच्या कावून खाऊ?"

तो रागावला नाही. किल्ली काढून तळाला चिकटलेला लगदा खरवडत बसला आणि खरवडता खरवडता तिला सगळं सांगितलं. आपली गोळी नाही, आपल्या हयातीत येईल की नाही तेही माहीत नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. या वेळी तिने इमानाने घेतल्या, पण फुप्फुसांत फारसं काही उरलं नव्हतं. थंडी सुरू झाली तेव्हा ती गेली.

त्यानंतर तो सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात येऊन खिडकीपाशी उभा राहायचा. किल्ली काढत नसे. कुणी विचारलं, "भाऊ, औषध कुठवर आलं?" तर म्हणायचा, "नाही येत. हातात आहे ते खा. माझ्यासमोर खा." आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत बघत राहायचा. लोक म्हणायचे, पोरगा कडू झाला.

पुढे तो दक्षिणेत कुठेतरी गेला. तेच प्रोटीन, म्हणे. आई जवळच्या जामुलला आपल्या भावाकडे राहायला गेली. जाताना तिने बुद्धाची तसबीर नेली, दुसरी फ्रेम खिळ्यावरच ठेवली.

परवा दवाखाना रंगवायला काढला. पेंटर म्हणाला, "मॅडम, बाकी सब ठीक है, ये एक यहाँ से सड़ गया." तीच बोटभर जागा. त्याने अंगठा दाबला तर पापुद्रा सुटून खाली पडला.

लोखंडाच्या बाबतीत त्याचं बरोबर होतं. मी गज बदलायला सांगितला. समोरच्या पेशंटच्या हातात गोळ्या आणि पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, "माझ्यासमोर खा."